अखंड दिवा आणि एकसष्ट टक्के

पंचमीच्या माळेला आमच्या गाडीत एक पिवळा दिवा लागला. देवीपुढचा नव्हे; तो पहिल्या माळेपासून होताच. हा निराळा. स्टिअरिंगच्या मागे जिथे काटे फिरतात तिथे, इंजिनाच्या आकाराचा, आणि एकदा लागला तो विझेचना.

ह्यांनी आधी त्याला टिचकी मारून पाहिली. मग रुमालाने काच पुसली. मग गाडी बंद करून, दोन मिनिटं डोळे मिटून बसून, पुन्हा चालू केली. ही पद्धत त्यांना पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं उपयोगी पडली होती. दिवा तसाच. वर गाडी अशी चालायला लागली की चढावर एक बैलगाडी आमच्या पुढे निघून गेली, आणि गाडीवानाने मागे वळून ह्यांच्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं.

"काही न्हाई, दिवाच हाय," हे म्हणाले. "जळून जळून जाईल."

"बरं," मी म्हटलं. चातुर्मासात मी एक नेम धरते. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा सोडतं. ते तर मी सोडतेच, पण त्या वर्षी मी उलट बोलणं सोडलं होतं. कुणी काही म्हणालं तर 'नाही' म्हणून त्याचा शब्द मोडायचा नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झालेल्या बाईने असा नेम धरणं म्हणजे काय, हे ज्यांना समजेल त्यांना समजेल. घरात मात्र हा बदल कुणाच्या लक्षातही आला नव्हता. माझा आवाजच मुळात असा की मी उलट बोलले तरी तो कुणापर्यंत पोचत नसे.

तर माझी काळजी दिव्याची नव्हती, तिथीची होती. पंधरा वर्षांपूर्वी हे सरकारी दवाखान्यात एकवीस दिवस पडून होते. तेव्हा मी पिंपळगावच्या रेणुकाईला बोलले होते: ह्यांना बरं कर, आमच्या स्वतःच्या गाडीतून, ह्यांना शेजारी बसवून तुझी ओटी भरायला येईन, गाडी दारात आल्यावर नवरात्रातली जी पहिली अष्टमी येईल त्या अष्टमीला, दिवस मावळायच्या आत. हे बरे झाले. गाडी आली ती मात्र २००६च्या उन्हाळ्यात, तीही जालन्यातल्याच एका डॉक्टरांनी वापरलेली. आणि आता अष्टमी तीन दिवसांवर होती.

ज्याच्यासाठी नवस बोलायचा, त्याला तो फिटेपर्यंत सांगायचा नसतो, अशी आमच्याकडे रीत. म्हणून ह्यांना एवढंच माहीत की बायकोला अष्टमीला रेणुकाईला जायचंय, आणि तिला एसटीत बसवून दिलं की काम झालं. शब्द चुकला तर त्याची भरपाई कुणाकडून घेतली जाईल? माझ्याकडून घेतली तर चालेल. पण तशी घेत नाहीत, असं ऐकलंय.

संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी लागली. समोरच्या झुंबरबाई येऊन म्हणाल्या, "उषाबाई, दृष्ट लागली गाडीला. लिंबूमिरची बांधा." बांधलेलीच आहे म्हणून मी दाखवली. त्यांनी ती जवळून पाहिली आणि म्हणाल्या, "मंग लिंबू बारीक पडलं."

शेजारचे कडूबा भाऊजी तर पक्कड घेऊनच आले. भाऊजींनी जन्मभर एसटीच्या स्टँडवर वेळापत्रकं सांभाळली. त्यामुळे गाड्यांमधलं त्यांना कळतं, असं आमची गल्ली धरून चालते. "बॅटरीची वायर काढायची, पंधरा मिनिटं थांबायचं, परत लावायची. मशीन सगळं इसरून जातं," ते म्हणाले.

वायर काढली असती तर देवीपुढचा दिवा गेला असता. तो दिवा साधा नव्हता. गाडीच्या पुढच्या फळीवर मी रेणुकाईचा छोटा मुखवटा बसवला होता आणि त्याच्यापुढे एक लाल बल्ब. तो लावून दिला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या पाशामियाँनी. त्यांनी विचारलं होतं, "भाभी, चाबी से जोडूँ या डायरेक्ट?" मी म्हटलं, "पाशाभाई, नवरात्राचा दिवा हाय, अखंड पायजे." "तो डायरेक्ट. चाबी निकालो, ताला लगाओ, ये जलताच रहेंगा." घरात घटापुढे समई तेवते, मग दारातल्या लक्ष्मीने नऊ दिवस अंधारात का बसावं, असा माझा विचार. विचारात काही वाईट होतं का, तुम्हीच सांगा.

आता भाऊजींना 'नाही' तर म्हणता येईना. म्हणून मी म्हटलं, "भाऊजी, आधी चहा घ्या." मग भगरीचे लाडू दिले. मग पुन्हा चहा. चौथ्या कपाला अंधार पडला आणि भाऊजी पक्कड विसरून घरी गेले.

षष्ठीला आम्ही रांगत रांगत औरंगाबाद रस्त्यावरच्या सर्व्हिस सेंटरला पोचलो. तिथल्या देवानंद नावाच्या इंजिनिअरने आधी देवीला हात जोडले, मग स्टिअरिंगच्या खाली एक वायर खुपसली आणि तिचं दुसरं टोक लॅपटॉपला लावून बराच वेळ वाचत बसला.

"काका, मशीन ठीक हाय. सॉफ्टवेअर जुनं झालंय. इंजिनाला डिझेल कवा द्यायचं, किती द्यायचं, हे आतला कम्प्युटर ठरवतो. कंपनीनं त्याच्यासाठी नवा प्रोग्राम पाठवलाय, तो भरावा लागंल."

"आमच्या गाडीत कम्प्युटर हाय?" हे म्हणाले. घरात पाहुणा राहतो आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही, असा तो सूर. "म्हंजे मी पायानं दाबतो ते काय हाय मंग?"

"तुमचा पाय फक्त अर्ज करतो काका. मंजूर तो करतो."

बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज अडवलेल्या माणसाला हे फार लागलं. परत येताना त्यांनी पॅडल दाबलंच नाही जवळपास. गाडी तशीही चालत नव्हतीच म्हणा.

सप्तमी कागदांत गेली. नवा प्रोग्राम भरायचा तर पुण्याहून एक आकडा मागवावा लागतो आणि तो फॅक्सने येतो. आकडा मागवायचा तर मालकाचा अर्ज. काउंटरवरच्या बाईंनी ह्यांचा अर्ज वाचला, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या नोंदीप्रमाणे ही गाडी तुमची न्हाई. डॉक्टर साहेबांची हाय."

"आर.सी. बुकात माझं नाव हाय!"

"बुकात असंल. नोंदीत न्हाई."

हे चिडले, पण मी घाबरले. 'स्वतःच्या गाडीतून' असं माझ्या तोंडचं वाक्य होतं. रेणुकाई आर.सी. बुक धरते की कंपनीची नोंद? मी बाकावर बसून मनातल्या मनात बुक धरायची विनंती केली. डॉक्टरांचं पत्र आणलं, त्याची झेरॉक्स काढायला गेलो तर लाइट गेलेली. लाइट आली तेव्हा झेरॉक्सवाला जेवायला गेलेला. तो आला तेव्हा फॅक्सचा कागद संपलेला. त्या वर्षी जालन्यात विजेचं वेळापत्रक इतकं कडक होतं की कडूबा भाऊजींनाही त्याचा आदर वाटायचा. संध्याकाळी सहाला पुण्याहून आकडा आला. भरणं दुसऱ्या दिवशी, म्हणजे अष्टमीला.

अष्टमीला पहाटे आंघोळ, घटाची पूजा, आठवी माळ, पोथीचा रोजचा अध्याय, सगळं उरकून खण, नारळ, तांदूळ असं ओटीचं ताट गाडीत मागे ठेवलं. कडूबा भाऊजी न बोलावता मागच्या सीटवर येऊन बसले होते. "तुम्हाला टायमिंग कोण सांगणार?" त्यांनी विचारलं.

अकराला देवानंदने वायर लावली. एक चार्जर भिंतीतल्या प्लगला लावून गाडीच्या बॅटरीला जोडला आणि आम्हाला बजावलं, "चाळीस मिनिटं. चावी हलवायची न्हाई, दार उघडायचं न्हाई, हॉर्न न्हाई, पंखा न्हाई. मधी खंड पडला की संपलं."

खंड म्हटल्यावर त्या आठवड्यात पहिल्यांदा मला धीर आला. हे माझ्या ओळखीचं होतं. खंड पडू न देणं एवढंच तर मी आयुष्यभर केलंय. हे पुढे, मी शेजारी, भाऊजी मागे, असे आम्ही तिघं फोटो काढायला बसल्यासारखे बसलो. देवानंद खिडकीबाहेर लॅपटॉप धरून आकडे वाचत होता. बारा टक्के. तीस. पंचेचाळीस.

पन्नासाला लाइट गेली.

"बाराला जायची होती!" भाऊजी कळवळून म्हणाले. "अजून अर्धा तास बाकी हाय!"

"घाबरू नका," देवानंद म्हणाला. "गाडीची बॅटरी चांगली असंल तर काही होत न्हाई."

अठ्ठावन्न. साठ. एकसष्ट. आणि एकसष्टच. देवानंदने लॅपटॉपवर फुंकर घातली. मग पडदा लाल झाला. ह्यांच्यापुढचे सगळे काटे एकदम माना टाकल्यासारखे पडले. फक्त रेणुकाईपुढचा बल्ब लागलेला होता, तोही समईतलं तेल संपत आल्यावर ज्योत होते तसा.

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"जुना प्रोग्राम पुसला गेलाय, काका. नवा एकसष्टच टक्के भरलाय."

"म्हंजे आपण गाडी हाये हेच तिच्या ध्यानात न्हाई आता," भाऊजींनी मागून समजावून सांगितलं.

जनरेटर बिघडलेला. सेंटरच्या जास्तीच्या बॅटऱ्या कुलपात आणि कुलपाची चावी ज्याच्याकडे तो स्टोअरकीपर अष्टमीच्या होमाला गेलेला. "बॅटरी काढून बाहेर कुठं चार्ज करावी तर आतलं जे अर्धंमुर्धं हाय ते बी राहतंय का न्हाई, सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "आणि लाइट आता पाचला."

"तू आपली एसटीनं जा," हे मला म्हणाले. "भोकरदनची गाडी किती वाजता, कडूबा?"

"एक दहा. निघती एक पस्तीसला. पुढं पिंपळगावला जीप भेटंल."

"बरं," मी म्हटलं आणि बसून राहिले.

"अगं बरं म्हणती तर ऊठ ना!"

"बरं," मी पुन्हा म्हटलं. माझ्या नेमात 'नाही' म्हणायला बंदी होती. उठण्याबद्दल काही ठरलेलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू अर्जात त्रुटी आहे, पण कुठली ते सापडत नाही.

एवढ्यात देवानंदने विचारलं, "काका, बॅटरी इतकी उतरली कशी? चार-सहा दिवसांपासून उतरत असणार. कम्प्युटर त्याच्यानंच बावचळला असंल, म्हणून तर पिवळा दिवा. गाडीत जास्तीचं काही जोडलंय का?"

"काही जोडलेलं न्हाई!" हे ठासून म्हणाले. म्हणताना त्यांचा हात पुढच्या फळीवर होता, रेणुकाईच्या बल्बापासून वीतभर अंतरावर. देवानंदने वाकून खाली पाहिलं, मागे पाहिलं, टेपच्या खाचेत बोट घालून पाहिलं. त्याची नजर बल्बावरून गेली तेव्हा त्याने पुन्हा एकदा नमस्कारही केला. भाऊजींनीही पाहिलं. देवाचा दिवा कुणी जोडलेल्या वस्तूंत धरतं का? तो असतो.

तो डायरेक्ट आहे, हे त्या गाडीत एकट्या मलाच माहीत. सांगावं तर ह्यांचा शब्द चारचौघांत मोडतो. न सांगावं तर नवस मोडतो. आणि सांगितलं तर दिवा विझवतील, म्हणजे आठव्या माळेला अखंड दिव्यात खंड. कुठूनही गेलं तरी काहीतरी मोडणारच. मी खूप विचार करून वाक्य जुळवलं.

"ह्यांचं बराबर हाय. काही जोडलेलं न्हाई. फक्त देवीचा दिवा हाय."

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी काही म्हणून राह्यल्यात का?" तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा सगळे बल्बाकडे पाहायला लागले.

"हा? चावी काढल्यावर बंद होत असंल ना, काकू?"

"अखंड हाय."

"कवापासून?"

"घट बसल्यापासून. आज आठवी माळ."

देवानंद शेजारच्या टायरवर हळूच बसला. हे माझ्याकडे पाहत होते. रागाने पाहिलं असतं तर परवडलं असतं. मग देवानंद उठला, कटर घेऊन आला आणि खिडकीतून हात आत घातला.

मी बल्बावर हात धरला. "न्हाई!"

तीन महिन्यांतला पहिला 'नाही', आणि नेमका तो ऐकू गेला. बाहेर टायर काढत असलेला माणूससुद्धा थांबला.

"अगं, या दिव्यापायी गाडी मेली!" हे म्हणाले.

"मेली न्हाई. तेल संपलंय," मी म्हटलं. नेम मोडलाच होता, तर आता बोलून घ्यावं. "घरची वात जळून खाली गेली की आपण काय करतो? जुनी काढून मंग नवी घालतो का? नवी वात आधी जुनीवर पेटवायची. ती लागली की मंग जुनी काढायची. ज्योत तीच राहती. खंड पडत न्हाई."

देवानंद कटर हातात धरून उभा राहिला. "म्हंजे आधी दुसरी बॅटरी जोडायची… ही न काढता… आणि तिच्यावर… काकू, कंपनीच्या पुस्तकात चार्जरच लिहिलाय हो. पण भरलेली बॅटरी हिच्या जोडीला लावून घेतली तर चालंल की! पुन्हा पहिल्यापासून भरता येईल!"

"ते मला काय माहीत, बाबा," मी म्हटलं. "मी वातीचं सांगितलं."

ह्यांनी पाशामियाँना फोन लावला. भरलेली बॅटरी शोधून दोन तासांनी ते आले, स्कूटरवर पुढे पायांत जीपची भलीमोठी बॅटरी ठेवून. रमजान चालू होता. माझा उपास, त्यांचा रोजा. दोघांचेही ओठ वाळलेले. दिव्याचं ऐकल्यावर त्यांनी कानाला हात लावला.

"गलती मेरी है भाभी. आपने अखंड बोला, मैं समझा दो-तीन रोज."

"न्हाई, पाशाभाई, माझी," मी म्हटलं. एकदा जमायला लागलं की जमतंच.

आधी दिवा हलवायचा ठरलं. पाशाभाईंनी स्वतःच्या स्कूटरची बॅटरी काढली. मी न सांगता सगळ्यांनी चपला काढल्या, बूट काढले. तिच्या वायरा बल्बाला टेकवल्या तसा तो एकदम लखलखला. मग देवानंदने जुनी वायर कापली. डोळ्याचं पातं लवायलाही मधे जागा नव्हती. स्कूटरची बॅटरी टॉवेलमध्ये गुंडाळून, वर बल्ब ठेवून माझ्या मांडीवर दिली. मग जीपची बॅटरी गाडीच्या बॅटरीला जोडली आणि देवानंद म्हणाला, "बसा. पहिल्यापासून."

ती चाळीस मिनिटं मला अजून आठवली की तळहात ओले होतात. ह्यांनी हॉर्नला धक्का लागू नये म्हणून दोन्ही हात काखेत घेतले होते. चाळीसला ह्यांना शिंक आली, ती त्यांनी कुठे घातली देव जाणे. साठ म्हणताना देवानंदचा आवाज चिरकला. एकसष्टला कुणी श्वास घेतला नाही. बासष्ट म्हटल्यावर भाऊजी मागे रडले.

शंभर. "चावी बंद करा काका. दहा मोजा. आता लावा."

गाडी चालू झाली. पिवळा दिवा लुकलुकला आणि विझला. दिवा विझल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

पावणेचार वाजले होते. पाशाभाई हात हलवत म्हणाले, "बेफिकर जाव भाभी, बॅटरी बाद में. मेरी स्कूटर किक पे बी चलती. सूरज डूबने के पहले पहुँचो, मेरे को बी पहुँचना है." भाऊजींनी सगळ्या रस्त्याने वेळापत्रक म्हटलं: राजूर चार पस्तीसला पाहिजे, भोकरदन पाच दहाला. ह्यांचा पाय अर्ज करत होता आणि आतला कम्प्युटर एकेक अर्ज तत्काळ मंजूर करत होता. पिंपळगावला उतरलो तेव्हा सूर्य ज्वारीच्या वर हातभर होता. गर्दीतून वाट काढत गाभाऱ्यात गेले, ओटी भरली, पायांवर डोकं ठेवलं आणि तिथं जे बोलायचं ते बोलून घेतलं.

बाहेर आलो. भाऊजी परतीच्या एसटीची वेळ बरोबर लिहिलीय का ते पाहायला स्टँडकडे गेले होते. आम्ही दोघं गाडीत बसलो, बल्ब पुन्हा माझ्या मांडीवर.

"फिटला का नवस?" ह्यांनी विचारलं. मी दचकले. "कळत न्हाई का मला? उपाशी बाई चांगली एसटी सोडून मेलेल्या गाडीत बसून राहती. कुणासाठी होता?"

आता सांगायला हरकत नव्हती. सांगितलं. दवाखाना, एकवीस दिवस, स्वतःची गाडी, सगळं. ह्यांनी रुमाल काढून समोरची काच पुसली.

"त्या साली आपल्या घरी धड सायकल न्हवती," मग ते म्हणाले. "सायकलवर येईन म्हणायचं. गाडी कुठून काढलीस?"

"मुद्दामच म्हणले. गाडी यायला लई वर्षं लागतील असं वाटलं. तवर तरी देवी तुम्हाला नेणार न्हाई."

ह्यांनी चावीला हात लावला आणि तसाच ठेवला. बाहेर दिवस मावळत होता. मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडे वळले.

"मंग आता तर गाडी बी आली, नवस बी फिटला. आता माझं काय?"

ह्याची सोय मी गाभाऱ्यातच करून आले होते. पण नवस सांगायचा नसतो. मी मांडीवरची बॅटरी जरा सावरली, बल्ब नीट उभा केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"अहो, विमान केवढ्याला येतं?"